लॅव्हेंडर गावचं गाणं : सूर ऐकून माणूस आजारी पडतो का?

हा लेख म्हणजे एक प्रकारचा माफीनामा आहे. पण नुसती माफी मागून भागलं नसतं, म्हणून त्याला अभ्यासाची जोड दिली आहे. शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

त्या रात्री काय झालं

पीएल चालू होती. रात्री साडेबाराला लाइट गेले आणि नेहमीप्रमाणे सगळी विंग कॉरिडॉरमध्ये जमली. फर्स्ट इयरची तीन-चार मुलं आमच्या रूममध्ये आली. अंधार, पाऊस आणि ज्युनियर समोर बसलेले, मग सीनियरला भुताची गोष्ट सुचणारच. मी मोबाइलवर पोकेमॉन गेममधल्या लॅव्हेंडर टाउनचं संगीत लावलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, "हे गाणं ऐकून जपानमध्ये दोनशे मुलं मेली. मोठ्यांना काही होत नाही. ज्यांचे कान तरुण आहेत त्यांनाच होतं."

सगळे हसले. बार्शीचा एक मुलगा मात्र हसला नाही. तो उठून गेला. मला वाटलं, झोप आली असेल.

अडीच वाजता त्याच्या रूम पार्टनरने दार वाजवलं. "दादा, लवकर चला, त्याचं काहीतरी बिनसलंय." बघतो तर मुलगा घामाने भिजलेला, दोनदा उलटी झालेली, डोकं धरून बसलेला. म्हणाला, "दादा, कानात शिट्टी वाजतेय, थांबतच नाही." आम्ही रेक्टर सरांना उठवलं. सरांनी एक शब्द न बोलता गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सगळं तपासलं, सलाइन लावली आणि म्हणाले, "आजार काही नाही. रात्री जेवलेला नाही, झोप नाही आणि घाबरलाय."

आजार काही नव्हता, पण दोन दिवसांनी एम-वनचा पेपर होता. त्या दोन रात्री तो झोपला नाही. पेपरला बसला आणि केटी लागली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं आता घरी पत्र जाणार. सर एवढंच म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना? मग त्या गाण्यात काय आहे ते मोज आणि लिहून दाखव. त्या मुलाला समजेल असं लिही." म्हणून हा लेख.

दंतकथा काय सांगते

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 'पॉकेट मॉन्स्टर्स रेड' आणि 'ग्रीन' हे निन्टेंडोच्या गेमबॉय यंत्रासाठीचे गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आले. त्यात खेळाडू गावोगाव फिरतो. त्यातलं एक गाव म्हणजे लॅव्हेंडर टाउन, जपानी नाव शिऑन. या गावात मेलेल्या पोकेमॉनच्या समाध्यांचा एक उंच मनोरा आहे. गेममधल्या इतर गावांचं संगीत आनंदी असतं, या गावाचं तसं नाही. उंच पट्टीतले चार स्वर एकसारखे फिरत राहतात आणि खाली उदास चाल चालते. संगीत जुनिची मासुदा यांचं.

दंतकथा अशी : १९९६ मध्ये गेम आल्यावर जपानमधल्या शंभर-दोनशे लहान मुलांनी हे संगीत ऐकून जीव दिला, शेकडो आजारी पडली. कारण काय, तर त्यात मुद्दाम अतिउच्च वारंवारतेचे सूर घातले होते, जे फक्त मुलांनाच ऐकू येतात. शिवाय दोन कानांत वेगवेगळे सूर सोडून मेंदूत 'बायनॉरल बीट' तयार केला होता. मग म्हणे कंपनीने गुपचूप संगीत बदललं आणि प्रकरण दाबलं. याला नावही भारी दिलंय, 'लॅव्हेंडर टाउन सिंड्रोम'.

ऐकायला एकदम पक्कं वाटतं. सिंड्रोम आहे, वारंवारता आहे, आकडा आहे. आमच्या व्हायवाच्या उत्तरासारखं. शब्द सगळे बरोबर, अर्थ कुठेच नाही.

तारखा लावून बघू

पहिली गोष्ट म्हणजे १९९६ ची कथा साधारण २०१० च्या सुमारास, तीही इंग्रजीत, इंटरनेटवर फिरायला लागली. मधली चौदा वर्षं कुठे काही नाही. दोनशे मुलं गेली असती तर जपानच्या वर्तमानपत्रांत ते पहिल्या पानावर आलं असतं. पोकेमॉनशी संबंधित एक खरी घटना घडली तेव्हा ते आलंच, ती पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. या संगीताचा स्पेक्ट्रोग्राम काढला तर त्यात भुताचं चित्र आणि 'निघून जा' अशा अर्थाची अक्षरं दिसतात, असे व्हिडिओ आहेत. अक्षरं कोणती, तर 'अनओन' नावाच्या पोकेमॉनच्या आकाराची. आता हा अनओन आला 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या गेममध्ये, नोव्हेंबर १९९९ मध्ये. १९९६ च्या संगीतात १९९९ चा पोकेमॉन कसा येईल? बनवणाऱ्याने सबमिशन कॉपी करताना तारीख बदलायची राहिली, तसंच झालं हे.

स्पेक्ट्रोग्राममध्ये चित्र काढणं अजिबात अवघड नाही. चित्राची उंची म्हणजे वारंवारता, रुंदी म्हणजे काळ आणि उजेड म्हणजे तीव्रता धरून उलटं गणित केलं की आवाज तयार. ॲफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराने १९९९ मध्ये स्वतःचा चेहरा असाच आवाजात घातला होता. आपल्या डीएसपी लॅबमध्ये एका दुपारचं काम आहे.

खरंच घडलेली घटना

मग ही कथा उगवली कुठून? धूर आहे तर आग कुठेतरी असणार. आग होती, पण ती आवाजाची नव्हती, उजेडाची होती.

१६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी साडेसहाला टीव्ही टोकियोवर पोकेमॉन मालिकेचा ३८ वा भाग लागला. त्यात साधारण विसाव्या मिनिटाला पिकाचू क्षेपणास्त्रांवर वीज सोडतो आणि पडदा लाल-निळा, लाल-निळा असा सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखतो. हे जेमतेम सहा सेकंद चाललं. त्या रात्री देशभरात सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुणाला आकडी आली, कुणाला उलट्या झाल्या, कुणाला अंधारी आली. मृत्यू एकही झाला नाही. मालिका चार महिने बंद राहिली आणि १६ एप्रिल १९९८ ला पुन्हा सुरू झाली. जपानी वाहिन्यांनी लखलखाटाबद्दल नियम केले.

याचं कारण वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत होतं. साधारण चार हजारांत एका माणसाचा मेंदू लखलखत्या उजेडाला अतिसंवेदनशील असतो, त्याला उजेडाने फिट येऊ शकते. मेंदूचा दृष्टीचा भाग एका तालात धडधडायला लागतो. विशेषतः लाल रंग आणि सेकंदाला तीन ते तीस लखलखाट धोक्याचे. म्हणजे इथे यंत्रणा माहीत आहे, मोजता येते, पुन्हा करून दाखवता येते. घटना खरी असली की तिची माहिती अशी हाताला लागते.

पण याच घटनेचा दुसरा भाग आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. बातम्या पसरल्यानंतर पुढच्या दिवसांत सुमारे १२ हजार मुलांनी काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की पहिल्या रात्रीच्या काही मुलांना खरी फिट आली असणार, पण नंतरच्या बहुतेकांची लक्षणं फिटची नव्हती. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, ही घाबरून एकमेकांकडे बघून येणारी लक्षणं होती. म्हणजे सहा सेकंदांच्या उजेडाने काही शेकडा मुलं आजारी पडली आणि त्याच्या बातमीने त्याहून कितीतरी जास्त.

पुढे कुणीतरी उजेडाच्या जागी आवाज घातला, १९९७ चं १९९६ केलं, आजारी मुलांना मारून टाकलं, आणि दंतकथा तयार झाली.

गेमबॉयच्या पोटात

आता सरांनी सांगितलेलं काम. गेमबॉयमध्ये आवाजाचे चार चॅनल असतात. दोन पल्स म्हणजे स्क्वेअर वेव्हचे, एक ३२ नमुन्यांच्या छोट्या वेव्हचा आणि एक खरखरीचा. सगळं संगीत या चौघांत बसवायचं. पल्स चॅनलची वारंवारता ११ बिटांच्या रजिस्टरमधल्या आकड्याने ठरते. त्याचं सूत्र असं :

वारंवारता = १३१०७२ ÷ (२०४८ − क्ष)

क्ष म्हणजे रजिस्टरमधला आकडा, ० ते २०४७. कंसाची किंमत २९८ आली की ४३९.८ हर्ट्झ मिळतात, म्हणजे जवळजवळ ४४०. प्रामाणिकपणे सांगायचं तर कंसाची किंमत आणखी कमी केली की कागदावर ही चिप कानापलीकडचे सूरही काढू शकते. त्यामुळे 'चिपला शक्यच नाही' असं जे काही जण म्हणतात तेही खरं नाही. पण गेमबॉयचा स्पीकर रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. तो बारीक आवाजच धड काढत नाही, तर अतिउच्च सूर जोरात कुठून काढणार?

आम्ही संगणकावर इम्युलेटर चालवून ते संगीत रेकॉर्ड केलं आणि ऑडॅसिटीत त्याचा स्पेक्ट्रम बघितला. भूतबीत काही नाही. स्क्वेअर वेव्हचा नेहमीचा डोंगर दिसला : मूळ सूर उंच आणि मग उतरत जाणारी हार्मोनिक्स. सेकंड इयरला फूरियर सीरिज शिकलो तेच. पन्नास टक्के ड्यूटीची वेव्ह असेल तर तिसरं हार्मोनिक एक तृतीयांश, पाचवं एक पंचमांश. ५२३ हर्ट्झचा सूर धरला तर त्याचं ३१ वं हार्मोनिक १६ किलोहर्ट्झच्या थोडं वर येतं आणि मूळ सुरापेक्षा सुमारे ३० डेसिबलने कमी असतं. म्हणजे तिथे अगदीच शून्य नाही, पण जे आहे ते कोणत्याही गेमच्या, कोणत्याही स्क्वेअर वेव्हच्या संगीतात असतंच. त्या हिशेबाने मारिओनेही मुलं आजारी पडायला हवी होती.

आणखी एक. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सहसा कापलेला असतो. मी त्या रात्री जी फाइल लावली ती अशीच, कुणीतरी पाठवलेली. म्हणजे ज्या सुराला आमचा ज्युनियर घाबरला, तो समजा मूळ गेममध्ये असता तरी माझ्या मोबाइलमध्ये नव्हता.

दोन कानांतला ठोका

बायनॉरल बीट ही गोष्ट खरी आहे. एका कानात ४४० आणि दुसऱ्या कानात ४४५ हर्ट्झचा सूर सोडला तर मेंदूला सेकंदाला पाच ठोके जाणवतात. हवेत असा ठोका नसतो, तो मेंदूत तयार होतो. १९ व्या शतकात जर्मनीच्या डोव्ह या शास्त्रज्ञाने हे शोधलं. पण याला अटी आहेत. हेडफोन हवेत, सूर साधारण हजार-दीड हजार हर्ट्झच्या खालचे हवेत आणि दोन्हींतला फरक थोडा, तीसेक हर्ट्झच्या आत हवा.

आता दंतकथा म्हणते सूर अतिउच्च होते आणि बायनॉरलही होते. वरच्या सूत्रात घालून बघू. कंसाची किंमत ९ असेल तर १४,५६४ हर्ट्झ, ८ असेल तर १६,३८४. मधलं काहीच मिळत नाही, कारण रजिस्टरमध्ये पूर्णांकच मावतो. शेजारच्या दोन सुरांत फरक १,८२० हर्ट्झ! तीस हर्ट्झचा फरक हवा तर सूर दोन हजार हर्ट्झच्या खालीच ठेवावा लागतो. म्हणजे दंतकथेतली दोन वाक्यं एकमेकांनाच खोटं पाडतात. हे मला फार आवडलं. कुणाचा विश्वास आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही, नुसता भागाकार करायचा.

आणि मी ते कसं लावलं होतं? मोबाइलच्या एकाच स्पीकरवर. दोन कानांचा विषयच नव्हता.

फक्त मुलांनाच ऐकू येणारा सूर

हा भाग अर्धा खरा आहे, म्हणून तो पटतो. माणसाचा कान जन्मतः साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. यावरून वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये 'मॉस्किटो' नावाचं यंत्र काढलं. ते १७.४ किलोहर्ट्झचा किरकिरा आवाज करतं, जो दुकानासमोर टोळकं करून उभ्या राहणाऱ्या पोरांना ऐकू येतो, दुकानदाराला नाही. पुढे पोरांनी त्याचीच रिंगटोन केली, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी सरांना कळू नये. इंजिनियरिंगची पोरं जगात सगळीकडे सारखीच.

आम्ही लॅबमध्ये फंक्शन जनरेटरला वायरचा हेडफोन जोडून, आवाज अगदी बारीक ठेवून बघितलं. लॅबच्या काकांना अकरा किलोहर्ट्झनंतर काही ऐकू येईना. सर तेरापर्यंत पोचले. मी सतरा. आमचा बार्शीकर अठरा! तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "म्हणजे दादा, मला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं?" मी म्हटलं, "हो रे बाबा, आणि तरी तू जिवंत आहेस."

खरं तर आपण सगळेच असा सूर ऐकत वाढलो. जुना डबा टीव्ही आठवतो? आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. टीव्ही चालू केला की ट्रान्सफॉर्मर याच सुरात बारीक शिट्टी घालायचा. आजी म्हणायची कसला आवाज रे, आणि आम्हाला पलीकडच्या खोलीतूनही कळायचं टीव्ही चालू आहे. कित्येक वर्षं घरोघरी मुलांनी हा सूर रोज तासन् तास ऐकला.

मग भीती का वाटते?

कारण ते संगीत भीती वाटावी म्हणूनच केलंय, आणि छान केलंय. सुरुवातीचे चार स्वर पाश्चात्त्य नावांनी सी, जी, बी आणि एफ शार्प. आमच्या विंगमध्ये एक जण तबला-पेटीवाला आहे. त्याने पेटीवर वाजवून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हे तर सा, प, नी आणि तीव्र म. हे सगळे यमनचे स्वर आहेत!"

विचार करा. शिकायला बसल्यावर आपल्याकडे बहुतेकांना सुरुवातीलाच जो राग शिकवतात, संध्याकाळी ऐकला की शांत वाटतं, त्याचेच चार स्वर. पण तंबोऱ्याचा आधार काढून घेतला, मींड काढली, मधले रे-ग-ध गाळले, यंत्रासारखं तेच तेच फिरवलं, आणि 'सा' वरून तीव्र मध्यमाचं अंतर उघडं पाडलं की तेच स्वर अंगावर येतात. त्यात समोर समाध्या, त्यात गावातली एक मुलगी विचारते की भुतांवर विश्वास आहे का. आठ-नऊ वर्षांचं मूल एकटं पांघरुणात बसून खेळत असेल तर घाबरणारच. पण घाबरणं हा आजार नाही. चांगल्या संगीतकाराचं ते यश आहे.

एक अपवाद लिहायला हवा. संगीताने फिट येणारे लोक जगात आहेत. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये या आजाराला नाव दिलं. पण तो इतका दुर्मीळ आहे की अंदाज कोटीत एकाचा सांगतात, आणि प्रत्येकाला त्रास देणारं संगीत वेगळं असतं. गावंच्या गावं आजारी पाडणारा एखादा सूर त्यातून निघत नाही.

ही भीती नवी नाही

शोधता शोधता कळलं की प्रत्येक नव्या वाद्यामागे ही भुतं लागलेली आहेत. वीज आणि पतंगवाल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये काचेच्या वाट्यांचं एक वाद्य बनवलं. ओल्या बोटांनी वाजवायचं, आवाज अगदी परलोकातून आल्यासारखा. युरोपात त्याची लाट आली, मोत्सार्टने १७९१ मध्ये त्यासाठी रचना केली. आणि मग बोलवा उठली की हे वाद्य वाजवणाऱ्याच्या नसा बिघडतात, वेड लागतं. खुद्द फ्रँकलिन मात्र ८४ वर्षं ठणठणीत डोक्याने जगला. हंगेरीतल्या १९३३ च्या 'ग्लूमी संडे' या गाण्याबद्दल लोक जीव देतात अशी वदंता होती. बीबीसीने त्याच्या गायलेल्या आवृत्तीवर घातलेलं बंधन २००२ मध्ये उठलं.

व्हिडिओ गेममध्ये याचा मोठा भाऊ म्हणजे 'पॉलिबियस'. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात म्हणे एक काळं मशीन आलं, खेळणाऱ्यांना वेड लागायचं, काळ्या कोटातले सरकारी लोक येऊन माहिती नेायचे. असं मशीन आजवर कुणाला सापडलेलं नाही. खरं एवढंच की त्या वर्षी पोर्टलंडच्या एका गेम पार्लरमध्ये विक्रमासाठी २८ तास खेळलेल्या एका मुलाचं पोट बिघडलं, त्याच दिवशी दुसऱ्याचं डोकं दुखलं, आणि त्याच सुमारास जुगाराच्या संशयाने पार्लरांवर सरकारी धाडीही पडत होत्या. तीन साध्या गोष्टी शिवून एक भयकथा.

आपणही यात मागे नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा आपल्या आईवडिलांनी रांगा लावल्या होत्या. पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातं हे नंतर कळलं. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' गेमने मुलं जीव देतात म्हणून देशभर घबराट झाली. सरकारने समिती नेमली आणि जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकाही घटनेत त्या गेमचा हात सिद्ध झाला नाही. पण तोपर्यंत घबराट गावोगाव पोचली होती.

विश्वासाने आलेली डोकेदुखी

मग आमच्या ज्युनियरला झालं ते काय? ढोंग? अजिबात नाही. उलटी खरी होती, घाम खरा होता.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात ५४ निरोगी लोकांवर एक प्रयोग झाला. पवनचक्क्यांच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाने त्रास होतो, अशी इंटरनेटवरची माहिती काहींना आधी दाखवली. मग सगळ्यांना दहा मिनिटं तो खोल आवाज आणि दहा मिनिटं नुसती शांतता दिली, पण दोन्ही वेळा सांगितलं की आवाज चालू आहे. ज्यांनी ती माहिती बघितली होती त्यांची लक्षणं दोन्ही वेळा वाढली. शांततेतसुद्धा! याला 'नोसिबो' म्हणतात. गोळीवर विश्वास ठेवून बरं वाटतं तो प्लासिबो, आणि हा त्याचा उलटा.

कानातल्या शिट्टीचंही तेच. अगदी शांत खोलीत लक्ष देऊन ऐकलं तर बऱ्याच जणांना कानात बारीक आवाज जाणवतो. एरवी आपण तिकडे लक्ष देत नाही. मी त्याला लक्ष द्यायला सांगितलं, अंधारात, उपाशीपोटी, पेपरच्या तोंडावर. म्हणजे त्या रात्री विष गाण्यात नव्हतं. ते माझ्या वाक्यात होतं.

खऱ्या धोक्याकडे कुणाचं लक्ष नाही

दोन गोष्टी सांगून थांबतो.

एक. आवाजाने इजा होते, पण ती गूढ सुराने नाही, मोठ्या आवाजाने होते. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आपण इअरफोन फुल करून रात्रभर गेम खेळतो आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर तासन् तास नाचतो. कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या शंभर कोटींहून जास्त तरुणांच्या कानांना हा धोका आहे. याची भयकथा कुणी सांगत नाही, कारण ती आपल्याच हातातल्या आवाजाच्या बटणाची आहे. नाचून आल्यावर कान वाजत असतील तर ती खरी सूचना समजा.

दोन. हे जास्त महत्त्वाचं. गाण्याने, गेमने मुलं जीव देतात असं म्हटलं की आपली सुटका होते. शेजारच्या रूममधला मुलगा आठवडाभर मेसला का आला नाही, केटी लागल्यावर घरी काय सांगू म्हणून कोण रडतंय, कोण एकदम गप्प झालंय, हे मग बघावं लागत नाही. दोष गाण्याचा, मोकळे आपण. असं कुणी दिसलं तर त्याच्याजवळ जाऊन बसा, सरळ विचारा, रेक्टर सरांना सांगा. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ताजा कलम

बार्शीकराची एम-वन मी रोज रात्री जेवणानंतर घेतली. माझीच चूक, मीच भरायची. मॅट्रिक्स त्याला आल्या, मला परत आल्या. पुढच्या परीक्षेला तो त्रेपन्न मार्कांनी सुटला आणि मला कँटीनमध्ये चहा पाजला. मी माफी मागितली तर म्हणाला, "दादा, जाऊ द्या. पण ते गाणं आता परत लावा, मला चारही स्वर ओळखायचेत."

लावलं. लाइट चालू ठेवून, आणि आवाज बेताचा ठेवून.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार